पोटात उतरलेला राग

३ मार्च
आज भर रस्त्यात बस थांबवली. उताराच्या वळणावर. आत चौतीस प्रवासी, आणि मी हँडब्रेक ओढून नूडलवाल्याच्या संडासाकडे पळाले! परत आले तर सगळे खिडक्यांना चिकटलेले. एक म्हातारा म्हणाला, "ड्रायव्हरबाई, गॅस भरायला गेला होतात की सोडायला?" सगळी बस खिदळली. मीही हसले. हसले! त्याचीच जास्त चीड येतेय.

४ मार्च
तक्रार आलीच. डेपोचे फू साहेब म्हणाले, "तानबाई, पुन्हा असं झालं तर बसगाड्या धुवायच्या कामावर टाकीन." सतरा वर्षं चोंगचिंगचे चढउतार तुडवतेय. गाडीला एक ओरखडा नाही पडला. आणि आता धुणार!

मोठ्या हॉस्पिटलात दुर्बीण घालून झाली, रक्त तपासून झालं. तिथला पोरसवदा डॉक्टर म्हणाला, "आतडं स्वच्छ आहे. जरा नाजूक आहे, इतकंच. टेन्शन घेऊ नका." घेऊ नका! जसं काही मी दुकानात जाऊन निवडून आणलं.

९ मार्च
पेईशाननं — आमच्या नवरोबांनी — जुन्या बाजारात लुओ डॉक्टरीणबाईंकडे नेलं. पंचाहत्तरीची बाई. माझ्या मनगटावर तीन बोटं ठेवून डोळे मिटून बसली ती बसलीच. मला वाटलं, डुलकी लागली. मग दुसरं मनगट. मग जीभ.

"रागानं यकृत तापतं आणि मार पोट खातं. कुणावर एवढी चिडतेस गं?"

"कुणावरच नाही!"

"ऐकलं हो. बाहेर रांगेत बसलेत त्यांनीही ऐकलं."

आगाऊ म्हातारी!

पुड्यांमध्ये संत्र्याची वाळकी साल, पांढऱ्या पिओनीच्या फुलझाडाचं मूळ, आणखी दोन मुळ्या. भिजवा, उकळा, गाळा, पुन्हा उकळा. सकाळ-संध्याकाळ कोमट प्या. गार बंद. तिखट बंद. चोंगचिंगमध्ये तिखट बंद! त्यापेक्षा श्वास बंद कर म्हणायचं.

११ मार्च
काढा सासूबाई करतात. मी सांगितलं नव्हतं. मातीच्या भांड्याला मला हात लावू देत नाहीत. वाटी पुढे सरकवतात — "पी. निवायच्या आत." आणि वर शेपूट: "पोट सगळ्यांनाच असतं. आमच्या वेळी बायका गाजावाजा करत नव्हत्या."

चव म्हणाल तर ओली भिंत चाटावी तशी.

१२ मार्च
चार वेळा.

१९ मार्च
दोनदाच. कळही बोथट. लुओबाईंनी परवा एक मुळी कमी करून दुसरी घातली, त्याचा गुण असेल. पेईशान असा खूश की पोट जणू त्याचंच. "बघ, मी म्हटलं नव्हतं?" नव्हतंस!

कॅन्टीनमध्ये सगळे लाल तेलात बुडवून खात होते, मी पांढरी पेज. माझ्याच मार्गावरची ड्रायव्हर कोऊ म्हणाली, "अगं तान, बाळंतीण झालीस काय?" तिच्याच ताटातली मिरची तिच्या डोळ्यात चोळावीशी वाटली.

२७ मार्च
शेवटच्या थांब्यावर बायकांच्या संडासाला कुलूप. किल्ली पहारेकऱ्याकडे. पहारेकरी पत्ते कुटायला गेलेला. पुढचं लिहीत नाही.

२८ मार्च
लिहिते. का नाही लिहायचं?

काल फेरी अर्धी टाकून पँट बदलायला घरी आले. आज सकाळी तडक फू साहेबांच्या टेबलासमोर उभी. ते म्हणाले, "मी बजावलं होतं ना? पाण्याचा पाइप घ्या आता." मग माझा तोल गेला. "पुरुष शेवटच्या थांब्यावर पंधरा मिनिटं सिगारेटी फुंकतात, ती तुम्हाला चालतात! मला दहा मिनिटं द्या आणि त्या कुलपाची किल्ली द्या! काढा मी पिईन, पण कुलूप काढ्यानं उघडत नाही!"

तेवढ्यात दारातून कोऊ बोलली — हो, तीच कोऊ — "साहेब, एक किल्ली मलाही. मी सकाळपासून पाणीच पीत नाही." तिच्यामागे आणखी दोघी.

साहेबांचं तोंड उकडलेल्या बटाट्यासारखं झालं. "बघू," म्हणाले. दुपारी चार किल्ल्या आल्या. पाइपाचा विषय कुणी काढला नाही.

३० मार्च
घरी वेगळंच. सासूबाईंच्या कानावर गेलं. "साहेबापुढे, एवढ्या पुरुषांत, पोटाचं चव्हाट्यावर मांडलंस? लाज कशी वाटली नाही?"

मी वाटी टेबलावर आपटली. "तुम्हाला काय कळणार! चार भिंतींत बसून दुसऱ्याच्या पोटाला नावं ठेवणं सोपं असतं!"

पेईशान म्हणाला, "अगं, आईला असं—" त्यालाही सुनावलं.

सासूबाईंनी सांडलेला काढा पुसला. भांडं घासत बसल्या — बराच वेळ.

२ एप्रिल
वाटी टेबलावर असते. झाकण ठेवलेली. "पी" म्हणत नाहीत. बरं झालं! पण काढा तसाच निवून जातो.

एकदाच गेले आज. आनंद झाला नाही.

६ एप्रिल
लुओबाईंकडे गेले. सासूबाई मागोमाग आल्या. माझी नाडी बघून झाली, मी उठले, तर त्या माझ्या जागेवर बसल्या. बाही वर केली, मनगट नाडी बघायच्या छोट्या उशीवर ठेवलं. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "माझंही बघा. हेच दुखणं. बेचाळीस वर्षं."