दिवसातून पाचदा

३ फेब्रुवारी

चि. चिमीस,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुला म्हणून सांगते; वाचून पत्र फाडून टाक. माझं मूत्राशय भरतं, पण आकसत नाही, म्हणून रिकामंही होत नाही. डॉक्टर म्हणाले, वर्षानुवर्षं रोखून धरल्यानेही असं होऊ शकतं. घंटा होईपर्यंत बाकावरून उठायचं नाही, हे कॉन्व्हेंट शाळेत सिस्टरनी किती अंगी बाणवलं होतं, आठवतं? पुढे टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बदलीची बाई येईपर्यंत कानावरचा हेडफोन उतरत नसे. सगळ्यांत शहाणी मुलगी मीच!

गेल्या महिन्यापासून दिवसातून पाचदा स्वतःच बारीक नळी घालून लघवी काढते. नर्सने आरसा धरून शिकवलं. पासष्ट वर्षांत तिकडे कधी पाहिलं नव्हतं गं. नळी नीट जाईपर्यंत वीस मिनिटं जातात. मुलाला-सुनेला सांगितलेलं नाही. कडी लावते आणि नळ सोडून ठेवते.

लोभ आहे, तो आटू देऊ नकोस.
तुझी ताई

११ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र फाडलं. आधी रडले, मग आरशाचं आठवून हसले. रागावू नकोस. इतकं शहाणं व्हायला तुला सांगितलं होतं कुणी? मी वर्गातून सरळ पळायचे आणि छड्या खायचे. तेवढंच काय ते कामी आलं! सुनेला सांग. बाई बाईला नाही सांगणार, तर कुणाला? आणि पाणी कमी प्यायची अक्कल लढवू नकोस. मी ओळखते तुला.

माया तशीच ठेव, उत्तर लवकर पाठव.
तुझी चिमी

२४ फेब्रुवारी

चि. चिमीस,
अनेक आशीर्वाद.

मी आत पडेन या भीतीने मुलाने कडीच काढून टाकली. म्हणाला, आई, या वयात आतून बंद करायचं नाही. किती मायेने म्हणाला! कडी नसलेल्या दाराआड माझ्याने होईना. दीड दिवस नळी घातली नाही, पाणी पिणं सोडलं. ताप भरला, पोट दगडासारखं. दवाखान्यात सुनेसमोरच डॉक्टरांनी विचारलं, शेवटची नळी कधी घातली?

घरी आल्यावर ती एवढंच म्हणाली, की मला वाटायचं, आई माझ्यावर रुसून आत रडतात, आवाज येऊ नये म्हणून नळ सोडतात. महिनाभर ती पोर हे मनात घेऊन वावरली गं.

आता मुलगा ऑफिसातून फोन करतो, आई, झालं का? सून दाराला खेटून स्टूल टाकते, शिवण घेऊन बसते, म्हणजे कुणी आत येणार नाही. मधूनच विचारते, ठीक ना? तिच्या चाहुलीने मला आणखीच वेळ लागतो. पण हे तिला कोणत्या तोंडाने सांगू?

आज सांगायचंच ठरवलं. काम उरकून दार किलकिलं केलं, तर ती चौकटीला डोकं टेकून झोपलेली. माझ्या तापात तिला झोप नव्हती. दार आणखी उघडलं असतं, तर तिला लागलं असतं. हळूच लोटून घेतलं आणि तिला जाग येईपर्यंत आतच बसून राहिले.

तिथूनच आठवण काढत जा.
तुझी ताई