घरच्या माणसाचा स्कॅन

१४ मार्च

ती. दादास,
नमस्कार. इकडे सगळे खुशाल, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं.

इथे शिकायला असलेल्या चिमीला चक्कर येते, कानात शिट्टी वाजते, तर मी माझ्या सेंटरच्या मशीनवर तिचा एमआरआय काढावा, "घरचीच पोर आहे, पटकन उरकून टाक," असं तू फोनवर म्हणालास. मी उरकलं नाही. तुझ्या लेकीला रांगेत बसवलं, फॉर्म भरून घेतला, बारीकसारीक उठून दिसावं म्हणून रंगाचं इंजेक्शन द्यायला लावलं आणि कानाचे पातळ छेद, म्हणजे अगदी जवळजवळचे फोटो, घेतले. पाऊण तास लागला. पोरगी वैतागली. "आत्या, मी घरची ना?" म्हटलं, "म्हणूनच गं."

नऊ वर्षांपूर्वी, मला अशाच चकरा येत होत्या तेव्हा, तुझ्या सेंटरवर मीही अशीच घरची होते. दोन पेशंटच्या मध्ये मला घुसवलंस. इंजेक्शन नको, जाड छेद पुरेत. सँडविच खाता खाता 'नॉर्मल' लिहून सही ठोकलीस आणि वर म्हणालास, "तुझी लहानपणापासूनची नाटकं आहेत ही." मोठा डॉक्टर! दोन वर्षांनी परक्या माणसांनी माझ्या कानामागची गाठ शोधली, तोवर डावा कान गेला होता. तो कशाने गेला हे तू विचारलंसही नाहीस. तू कधीतरी नाक घासत येशील, याची मी वाट बघत होते.

आलास. चिमीच्या आतल्या कानामागे तीच गाठ आहे, वाटाण्याएवढी. स्क्रीनवर दिसली तेव्हा, खरं सांगते, पहिला क्षणभर मला बरं वाटलं. मग बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं.

ही गाठ लाखात एखाद्याला होते, पण काही घराण्यांत ती पिढ्यान्‌पिढ्या उतरते. माझ्या सर्जननी तेव्हाच बजावलं होतं, घरच्या सगळ्यांना तपासून घ्या. मी तुला कळवलं नाही. सात वर्षं. तुझी खोड मोडायची होती मला.

काल तुझा तो 'नॉर्मल' रिपोर्ट मी चिमीच्या हातात ठेवला. तिने सही वाचली, रडली नाही. मग मला विचारलं, "आणि तुला माहीत होतं, तर तू बाबांना का नाही सांगितलंस?" ऑपरेशनच्या फॉर्मवर नातेवाइकाची सही लागते; मी पेन काढलं, पण तिने सहीसाठी मैत्रिणीला बोलावून घेतलं.

ऑपरेशन गुरुवारी, सकाळी आठला. कान वाचेल की नाही, ते उघडल्यावरच कळेल म्हणतात. ये. आपण दोघांनी बाहेरच बसायचं, असं तिने सांगितलंय.

मी तुला माफ केलेलं नाही. तूही मला करू नकोस.

तुझीच,
धाकटी