इंजिनापर्यंत हात पोचतो

११ जानेवारी

पंख दोन, शेपूट एक, पत्र्याचा सांगाडा, दोन आसनं, सुकाणूच्या तारा, आणि पोटाला, पंखांना, नाकाला मिळून तेवीस झाकणं. सगळं अंबत्तूरच्या या शेडमध्ये, याच दोन हातांनी, कॉलेजची पायरी न चढता. इंजिन तेवढं नाही. ते विकतच आणावं लागतं, आणि ते चौदा लाखांना पडतं.

कनका जेवण घेऊन आली. तिला झाकणं उघडून दाखवली. कुठे स्क्रू नाही. कडी बोटाने उचलली की झालं, तिच्या टिफिन कॅरिअरसारखं. नाकाच्या झाकणातून वाकून पाहिलं तिने. म्हणते, "अहो, इंजिन नाही, पण इंजिनापर्यंत हात छान पोचतो."

बायकोला विमानातलं कळत नाही. असं मी ठरवलंय.

१५ जानेवारी

पोंगल. शेड बंद. चिडचिड.

१९ जानेवारी

भाचा प्राणेश आला. गिंडीच्या एका कंपनीत विमानं बनवतो — म्हणजे संगणकावर चित्रं काढतो. त्यांचं नवं विमान बाहेरून गुळगुळीत, एक फट नाही. पंखातली साधी कप्पी बदलायची तर आधी आसन काढा, मग पेट्रोलची टाकी, मग मेकॅनिकला दवाखान्यात न्या.

"एवढा खटाटोप करून तपासणार कोण रे?"

"मामा, मॅन्युअलमध्ये लिहिलंय ना, दर महिन्याला तपासा म्हणून."

लिहिलंय. म्हणजे कप्पी ते वाचेल आणि झिजायची थांबेल.

जाताना मात्र एकच कडी बराच वेळ उघडमीट करत राहिला. वारा लागला की ती आणखी घट्ट बसते. नीट लागली नसेल तर लाल पट्टी दिसते. विसराळू माणूस जमिनीवरच सापडतो.

२ फेब्रुवारी

प्राणेशचा फोन. त्याच्या वरच्या बाई, विद्यालक्ष्मी, उद्या शेडवर येणार — "व्यवहाराचं बोलायला". विमान मागणार, दुसरं काय. अंघोळीपासून नकार घोकतोय. तीन वाक्यं आहेत. तिसरं फार झोंबणारं जमलंय.

३ फेब्रुवारी

बाई बसायच्या आत सांगून टाकलं, विमान विकाऊ नाही.

प्राणेश कानाशी: "मामा, विमान कोण मागतंय?"

कडी हवी होती. कडीचे सगळे हक्क. नंतर ती दुसऱ्या कुठल्याच विमानावर दिसता कामा नये.

"माझ्या?"

"तुमच्याही, सर. तुम्ही स्क्रू लावा. सगळे तेच लावतात."

आकडा ऐकून कनकाने हातातली कॉफी खाली ठेवली. मी विचार करायला वेळ मागितला. तिसरं वाक्य वाया गेलं.

४ फेब्रुवारी

पंखाच्या एका झाकणाला स्क्रू लावून पाहिले. काढताना एक आत पडला. पंख हलवला की खडखड. कनका ऐकत उभी.

"दुसरं आसन माझं ना?"

"तुझंच."

"मग हा आवाज घेऊन वर जायचं?"

शेजारच्या झाकणाची कडी उचलली, हात घातला, स्क्रू काढून तिच्या तळहातावर ठेवला. कडी तिनेच लावली.

५ फेब्रुवारी

कंपनीला कळवलं — नको. कडीचे देत होते चौदा लाख.