एक जून

ता. वडवणी, जि. बीड
गुरुवार, २३ मे २०१३

चि. सौ. वत्सला हिस
आण्णाचे आशीर्वाद.

सोमवारी, २७ तारखेला सकाळी अकरा वाजता मला बीडला बालकल्याण समितीपुढे हजर राहायचे आहे. आज सकाळी तिथल्या बाईंचा फोन आला. तारीख आणि वेळ त्यांनी दोनदा सांगितली, आणि येताना जुने कात्रण विसरू नका म्हणाल्या. खुशाली विचारायच्या आधी बातमी लिहून मोकळा झालो. छत्तीस वर्षे मास्तरकी आणि त्यातली वीस वर्षे बीडच्या पेपरला बातम्या पाठवणे. सवय जात नाही.

तू बरी असशील. तिकडे युसूफ वडगावला पाणी कसे आहे? इथे टँकर तिसऱ्या दिवशी येतो. मी एकटा, दोन हंडे पुरतात. तुझ्या आईने लावलेला कढीपत्ता भांड्यांच्या पाण्यावर तग धरून आहे. कपिला गाय कालपर्यंत सोसायटीच्या चारा छावणीत होती. सकाळी तिच्याकडे जायचे ते संध्याकाळपर्यंत तिथेच बसायचे. घरी बोलायला कुणी नाही, छावणीत निदान पेपरावरून भांडण तरी होते.

मार्चमध्ये दिल्लीत संमतीच्या वयाची चर्चा चालली होती, सोळा की अठरा, तेव्हा छावणीत बैल बांधलेला बिभीषण पेपर मोठ्याने वाचायचा. "गुर्जी, दिल्लीवाल्यायचं काई ठरंना बगा. आज सोळा म्हणतेत, उद्या अठरा." शेण भरणारी केसरबाई तिथूनच म्हणाली, "पोरीला इचारलं का कुणी? पोरगी म्हंजी काय छावणीतला चारा हाय व्हय, वजन करून वाटायला?" सगळे हसले. मीही हसलो. केसरबाई माझ्याकडे बघत होती. ती हसत नव्हती.

ही केसरबाई म्हणजे ऊसतोडीला जाणाऱ्या सुग्रीवची बायको. तिच्या थोरलीचे, अयोध्याचे, लग्न नऊ जूनला धरले आहे. मुलगाही तोडणीचाच. एकटा गडी म्हणजे अर्धा कोयता. मुकादमाला नवराबायकोची जोडी लागते, म्हणून हंगामाआधी लग्ने उरकतात, हे तुला सांगायला नको. पोरीने बारावीची परीक्षा दिली आहे. तिला नर्सिंगला जायचे आहे. तिने स्वतः १०९८ ला, मुलांच्या मदतीच्या नंबरला, फोन लावला. बीडहून माणसे आली, दाखला बघितला आणि परत गेली. दाखल्यावर जन्म १ जून १९९५. येत्या एक जूनला अठरा पूर्ण, म्हणजे नऊ तारखेचे लग्न कायदेशीर.

ती तारीख माझ्या हातची आहे.

आपल्याकडे निम्मा वर्ग एक जूनचाच असायचा. आईबापांना तारीख ठाऊक नसायची. शाळा जूनमध्ये उघडायची, आम्ही सहा वर्षे मागे मोजून लिहून टाकायचो. पण अयोध्याची तारीख मला ठाऊक होती. नोव्हेंबर ९६ मध्ये, दिवाळी झाल्यावर, तोडणीला निघालेल्या ट्रकमध्येच केसरबाई वडवणीजवळ बाळंत झाली. चार ओळींची बातमी मीच पाठवली होती. कात्रण वहीत डकवलेले आहे. पुढे २००१ साली सुग्रीव पोरीला घेऊन शाळेत आला. "गुर्जी, नाव घाला. म्हंजी आजीपाशी ऱ्हाईल. न्हाईतर फडात न्यावी लागंल." पटावर नाव असले की महिन्याला तीन किलो तांदूळही मिळायचा. पोर साडेचार वर्षांची होती. मी सहाची केली. चांगले काम केले, असे बारा वर्षे वाटत होते.

गेल्या आठवड्यात अयोध्या आली. उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. "गुर्जी, तुमीच लिवलं, तुमीच खोडा." आत ये म्हटले, पाणी तरी घे म्हटले. "ऱ्हाऊ द्या, तुमालाच पुरत नसंल," म्हणाली आणि गेली.

दुसऱ्या दिवशी मी समितीला अर्ज पाठवला. वकील म्हणतात, वय ठरवताना दहावीची सनद आधी बघतात, बाकी सगळे नंतर. पण लिहिणारा स्वतःच खोटे लिहिले म्हणत असेल आणि त्या वेळची छापील बातमी हाती असेल, तर चौकशी होईपर्यंत लग्न थांबू शकते. नक्की नाही. थांबू शकते.

आप्पारावला कळायचे ते कळलेच. तो सोसायटीचा चेअरमन, छावणी त्याच्या हातात, आणि नवरदेवाचा मुकादम त्याचा मेहुणा. कपिलेच्या पाठीवर हात फिरवत म्हणाला, "गुर्जी, काऊन या वयात कोर्टकचेऱ्या करता? पेन्शन हाय, गाय हाय. गाय तर आमच्याच दावणीला हाय." मग जरा जवळ येऊन, "आन् तिथं इचारलं, अजून कुणाकुणाच्या तारखा फिरवल्या, तर काय सांगताल? वत्सलाताईचं नाव घेताल?"

वत्सला, म्हणून हे पत्र. इथवर यायला मला इतका कागद लागला.

तुझ्या आईच्या दहाव्याला तू विचारले होतेस, "आण्णा, माझा खरा जन्म कधीचा?" पाहुणे बसले होते. मी म्हणालो, दाखल्यावर आहे तोच. त्यानंतर तू आली नाहीस. सहा वर्षे झाली.

जून १९९० मध्ये तुझ्या लग्नाला मंत्री येणार होते. तुझे सासरे तेव्हा दूध संघाचे संचालक. मला म्हणाले, "मास्तर, कागद तेवढा चोख ठेवा." एवढे मोठे घर सोयरे मिळतेय म्हणून मी हरखून गेलो होतो. मुख्याध्यापक मीच. रजिस्टरमध्ये खाडाखोड केली, दुरुस्ती म्हणून लाल शाईने सही ठोकली आणि तुझा दाखला मीच मला दिला. तुझी आई दोन दिवस जेवली नाही. तू अकरावीचा फॉर्म आणून ठेवला होतास. तो माझ्या पेटीत आहे.

पुढच्या वर्षी अंबाजोगाईच्या दवाखान्यात तुझे बाळ गेले. त्याच्या आधी डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून विचारले होते, पोरीचे वय खरे किती? मी तिथेही दाखल्यावरचेच सांगितले. हे तुला ठाऊक नाही. तुझ्या आईलाही नव्हते.

अयोध्याच्या बाबतीत दया आली होती, असे सांगता येते. तुझ्या बाबतीत सांगण्यासारखे काही नाही. दिल्लीत शेवटी अठराच ठेवले. इथे अठरा माझ्या पेनातून निघत होते.

दाखल्यावर तू १ जून १९७२ ची. त्यावरून सासरी तुला 'दुष्काळातली' म्हणतात, हे कानावर आहे. तू दुष्काळातली नाहीस. तू २५ जुलै १९७४ ची, गुरुवारची, नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी पहाटेची. लिंबाला बांधलेला झोका अजून सोडलाही नव्हता. येत्या जुलैत तुला एकोणचाळीस पूर्ण होतील. एक्केचाळीस नाही.

कपिलेला आज छावणीतून घरी आणले. तासाभराने केसरबाईने कुंपणावरून वाळल्या कडब्याच्या दोन पेंढ्या टाकल्या.

हे पत्र केजच्या गाडीच्या कंडक्टरजवळ देतो, म्हणजे उद्या तुला मिळेल. सोमवारी पहिल्या गाडीने बीडला निघेन. अयोध्याचे सांगणारच आहे, मग पेन्शनचे काय व्हायचे ते होवो. अजून कुणाची तारीख बदलली, असे ते विचारतीलच. तुझे नाव घ्यायचे की नाही, ते तू सांग. १९९० साली तुला विचारले नव्हते. रविवारी दिवसभर फोन जवळ घेऊन बसेन.

फोन आला नाही, तर तुझे नाव घेणार नाही. न बोललेल्या पोरीचा होकार धरण्याची चूक मी एकदा केली आहे.

तुझा,
आण्णा