टॉवेलाची वेगळी दोरी

शनिवार, ता. ११

प्रिय टकळीस,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. आमच्या ह्यांचा गुडघा कुरकुरतोय, पण लिफ्ट सोडून जिने चढायची हौस काही फिटत नाही. तुझी कोरफड जिवंत आहे, पाणी मी घालते. उद्या भाऊजी तुझ्या माहेरी येतील, त्यांच्या हाती ही चिठ्ठी देतेय. वाचू नका म्हणून बजावलंय, म्हणजे वाचतीलच.

आमच्या लाँड्रीत गेल्या महिन्यात दवाखान्यातल्या एक सिस्टर आल्या होत्या. तिशीच्या वरच्या आम्हा बेचाळीस जणींची एचपीव्हीची, म्हणजे गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर करू शकणाऱ्या व्हायरसची, तपासणी केली. हो, तुझी झाली होती तीच. परवा निकाल सांगायला आल्या, आणि बाईंनी कमालच केली. घडीच्या टेबलामागे चादरीचा पडदा बांधला आणि एकेकीला आत बोलावलं. आमची पॅकिंगवाली घड्याळाकडे डोळे लावून बसलेली, की जी जास्त वेळ आत राहील तिलाच काहीतरी निघालं असणार! पण प्रत्येकीला मोजून पाच मिनिटं. जिचं काहीच नव्हतं तिला विचारत बसल्या, कॉलरचा डाग कशाने जातो म्हणून. पॅकिंगवालीचं तोंड अगदी बघण्यासारखं झालं.

शेवटी सगळ्यांना एवढंच सांगितलं, की पाच जणींना धोक्याच्या प्रकारातला व्हायरस आहे. कॅन्सर नाही, त्रास नाही, पाचही जणी धडधाकट. ठणठणीत बायका तपासल्या तरी दहांत एखादीला तो सापडतोच म्हणाल्या, कुठे थोडं कमी, कुठे जास्त. बहुतेकींचा वर्ष-दोन वर्षांत आपसूक जातो. थोड्यांचा ठाण मांडून बसतो, म्हणून पुढची तपासणी चुकवायची नाही.

हे लिहिता लिहिता दोनदा उठून चहा करून आले. आता तिसऱ्यांदा उठले तर हे विचारतील, काय झालंय म्हणून.

त्या पाचांतली एक मी आहे गं.

पडद्याआड मी काय म्हणाले असेन? "सिस्टर, दुसऱ्या कुणाचा कागद आला असेल. मी चांगल्या घरातली आहे." वाक्य ओळखीचं वाटलं ना? तू जेवताना सगळ्यांसमोर सरळ सांगितलंस, "मला व्हायरस निघालाय, पुढची तपासणी आहे, कुणीतरी सोबत या." आणि मी भाऊजींच्या देखत म्हणाले, असलं चांगल्या घरातल्या बायकांना होत नाही. वर तुझा टॉवेल उकळून मागच्या दोरीवर वेगळा टाकला. वीस वर्षं जगाचे टॉवेल धुतेय, आणि घरातल्या टॉवेलाला भ्याले! तिसऱ्या दिवशी तू बॅग भरलीस. सोबत कुणी आलंच नाही.

सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "पाचही जणी चांगल्याच घरातल्या आहेत." तो शरीरसंबंधातून येतो, पण कधी आला, कुणाकडून आला, हे तपासणी सांगूच शकत नाही. वर्षानुवर्षं अंगात गुपचूप बसू शकतो. आणि टॉवेलाचा काही संबंध नाही. मी मुद्दाम दोनदा विचारलं.

बाहेर आले आणि सगळ्यांना सांगितलं, माझं काही नाही. साफ खोटं. काल दुपारी पॅकिंगवालीने सुरू केलं, "कोण गं त्या पाच? असल्या बायकांच्या शेजारी जेवायचं म्हणजे..." तिच्या तोंडात मला माझाच आवाज ऐकू आला. तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही म्हणून मी तुला किती टोमणे मारले! पण त्या दिवशी ताटावर बसून जे तू बोललीस, त्याला केवढी छाती लागते ते मला काल कळलं. मी डब्याला झाकण लावलं. उभी राहिले आणि म्हणाले, "पाचांतली एक मी. जेव माझ्या शेजारी नाहीतर उठ." संध्याकाळपर्यंत आणखी दोघी माझ्याजवळ येऊन बोलल्या. ही हिंमत माझी नव्हती, तुझ्याकडून उचललेली होती.

चुकले गं मी. मोठी आहे म्हणून माफी मागायला चार महिने लागले. तू या घरात लगेच परत ये, असं म्हणायचं तोंड मला नाही. पण भाऊजी सांगतात, तपासणीचं नाव काढलं की तू गप्प होतेस. तू आणि गप्प! तेवढं करू नकोस. माझ्यावरचा राग माझ्यावरच काढ, तुझ्या जिवावर नको.

भाऊजींकडून तुझा कागद घेऊन मी दवाखान्यात दोन नंबर लावून आलेय. गुरुवार, सकाळी अकरा. सात तुझा, आठ माझा. पुढे तू राहा. मला फार भीती वाटतेय, आणि तू आधी आत जाऊन आलीस की मला जमेल.

दवाखान्याच्या फाटकाशी दहापासूनच थांबते.

तुझ्या मागे आठव्या नंबरवर उभी,
तुझी जाऊबाई