घोरण्यावरून धरलेला अबोला

प्रिय चिमणे,

तीन वर्षं आपण बहिणी का बोलत नाही, असं कोणी विचारलं की मी विषय बदलते. खरं कारण सांगायची लाज वाटते. तू एवढंच म्हणाली होतीस, "ताई, तू घोरतेस, आणि मध्येच तुझा श्वास थांबतो. रात्रभर तुला हलवत बसले होते मी." त्यावर मी फणकारले, "माझ्या घरी राहून मलाच नावं ठेवतेस?" आणि तुला सकाळच्या गाडीत बसवून दिलं.

गेल्या महिन्यात भर दुपारी सदरा शिवताना माझा डोळा लागला आणि मशीनची सुई बोटात घुसली. डॉक्टरीणबाईंनी पट्टी बांधली आणि झोपेची तपासणीही करायला लावली. म्हणाल्या, "आजी, वयानं घशाचे स्नायू सैल पडतात. झोपेत घसा मिटतो आणि श्वास अडतो. कोणाच्या लक्षात नाही आलं?"

"नाही," मी चक्क खोटं बोलले.

आता घसा उघडा ठेवणारं हवेचं यंत्र आणि नाकावर त्याचा लांब नळीचा मास्क लावून झोपते. आरशात हत्तीचं पिल्लू दिसतं! पण सकाळी अशी ताजी उठते की काल दिवसभरात चार सदरे हातावेगळे केले.

माफी मागायला हे पत्र लिहायला घेतलं खरं, पण टपालानं ते चार दिवसांनी पोचणार, आणि मला तर आता उद्यापर्यंतही धीर निघत नाही. तेव्हा हे राहू दे माझ्याच पर्समध्ये, आल्यावर तुझ्या हातातच देईन. सकाळच्या गाडीनं मीच येते. माझं अंथरूण तुझ्या शेजारीच घाल, आणि या खेपेला तू निवांत झोप.

तुझी खोटारडी
ताई