एका दमातला कोबा

४ फेब्रुवारी, मंगळवार

रेषा निघाली! बाबांच्या कोब्यात!

फरशी घासायच्या मशीनवर ऐंशी नंबरची चकती फिरत होती. मशीनवाला थांबला आणि म्हणाला, "ताई, हे बघा जरा." राडा फडक्याने पुसला. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत आडवी रेषा. अलीकडे खडी दाट, पलीकडे विरळ, रंगही जरा उजळ. बारा वर्षं फरश्या घासते आहे, अशी रेषा एकाच कारणाने येते. ओतणं मध्येच थांबलं, आधीचं काँक्रीट आवळलं, मग पुढचं ओतलं. सांधा.

आणि या गोदामात सायकलींचं दुकान काढणाऱ्या बाईंना मी काय सांगून काम घेतलंय? "या गोदामाचा कोबा माझ्या वडिलांनी घातलाय, एका दमात. एकही सांधा नाही. वर इपॉक्सीचा प्लास्टिकसारखा थर कशाला? घासून असा चकचकीत करते की सायकलींचं प्रतिबिंब दिसेल." त्यांना ते इतकं आवडलं की दुकानाच्या उद्घाटनाच्या पत्रिकेत छापून मोकळ्या झाल्या. आता बसा.

५ फेब्रुवारी

एका जागी बसवत नाही. गोदामात जाते, रेषा बघते, परत येते. जणू माझ्या पाठीमागे ती पुसली जाणार आहे.

"एका दमात" हा आमच्या घरातला शब्द. ज्या दिवशी हा कोबा ओतला त्याच दिवशी मी जन्मले, दिवस भरायच्या महिनाभर आधी. आई दवाखान्यात, बाबा गोदामात. निरोप गेला होता. बाबा उगवले दुसऱ्या दिवशी सकाळी. म्हणाले, "ओतणं थांबवता येत नाही." आईने हे वाक्य चौतीस वर्षं जपून ठेवलंय. जेवायला उशीर झाला की, "एका दमात कोबा घालणाऱ्यांना कसली आलीय भूक." पाहुणे आले, मी दहावी झाले, माझं लग्न मोडलं — प्रत्येक वेळी कोबा निघालाच. बाबा मान खाली घालून जेवतात.

मीही चेष्टा करायचे. मी आणि कोबा जुळे, पण लाडका तो. खरं सांगायचं तर चेष्टा नव्हती. लागायचं मला ते. अजून लागतं.

पण मग बाबा मध्येच थांबले होते? कशासाठी?

६ फेब्रुवारी

बाबांना विचारायला दोनदा खोलीत गेले. दोनदा नुसता चहा देऊन आले.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

बाईंना सांगितलं. लपवून किती दिवस लपवणार. त्या वाकून बघत राहिल्या. मग, "तुम्ही तर म्हणाला होतात..." झोंबलं मला. शेवटी म्हणाल्या, "इपॉक्सीच घाला मग. करडा रंग. झाकून जाईल ना?"

जाईल की. प्रायमर, वर थर, दोन-तीन दिवसांत रेषा कायमची गायब. इपॉक्सीखाली काय आहे ते कुणी विचारत नाही. बाबांची अब्रू वाचेल, माझं काम वाचेल. मग हो म्हणायला माझी जीभ का उचलेना? म्हटलं, बुधवारी सांगते.

८ फेब्रुवारी

विचारलं एकदाचं. बाबा मटार सोलत होते.

"माझ्या कोब्यात सांधा? तुझ्या मशीनने चरा पाडला असेल."

"बाबा, मला चरा आणि सांधा कळतो."

"घासता येत नाही तर घेऊ नये कामं."

शेंगांचं ताट तिथेच टाकून उठले. माझं डोकं अस्सं फिरलं! दिवसभर दोघं घरात एकमेकांना टाळत फिरतोय. आई म्हणते, "आज काय, मौन?"

१० फेब्रुवारी, सोमवार

सकाळी बाबा बूट घालून दारात उभे. "चल." एवढंच.

गोदामात गुडघ्यावर बसले. बसायला वेळ लागला, मी हात दिला तो घेतला नाही. रेषेवरून नख फिरवत गेले. मशीनवाल्याला मी चहाला पिटाळलं.

"टाचे मारून आधीची कड खरबरीत केली होती," म्हणाले. "धुतली, सिमेंटचं पाणी पाजलं, मगच पुढचं ओतलं. वरून थापीने असा घोटला की कुणाच्या बापाला कळलं नसतं." पुन्हा नख फिरवत, "साडेतीन तास."

"कुठे होतात साडेतीन तास?"

"दवाखान्यात. सायकलने. जाऊन-येऊनच तीन तास गेले."

ते रेषेकडे बघतच बोलत होते. पाय गुडघ्यापर्यंत सिमेंटचे, आत कोण घेणार? तसेच जिना चढून वर गेले. काचेतून मला बघितलं. "एवढीशी होतीस." आई झोपलेली होती. परत आले. गवंडी ताटकळले होते.

"घरी का नाही सांगितलंत?"

"गोदामाच्या मालकाला सांधा कळला असता तर अख्खा कोबा उखडायला लावला असता. म्हणून सगळ्यांना सांगितलं, एका दमात. तुझ्या आईच्या पोटात काही राहतं का? चार दिवसांत गावभर झालं असतं. पुढे पुढे मग सांगायचं राहूनच गेलं."

मला रडू आलं. रागही तेवढाच. चौतीस वर्षं टोमणे खाल्ले, एक वाक्य बोलले नाहीत! आणि मीही त्यात हात धुऊन घेतले.

निघताना म्हणाले, "तिला नको सांगूस. आता काय उपयोग."

११ फेब्रुवारी

इपॉक्सी घालणार नाही. काम गेलं तरी.

१२ फेब्रुवारी, बुधवार

बाईंना म्हटलं, सायकली दुरुस्त करायचा कोपरा आहे तिथे इपॉक्सी घालते, तेल-ग्रीस सांडलं तरी मुरणार नाही. बाकी कोबा उघडाच ठेवू. सांधा आहे, पण चौतीस वर्षांत केसभर उघडलेला नाही. मी खोटं बोलले नव्हते, मला माहीत नव्हतं.

त्यांनी एक सायकल घेतली, बसल्या, आणि रेषेवरून गेल्या. परत आल्या. पाच-सहा वेळा. शेवटी तर डोळे मिटून — माझा जीव टांगणीला, भिंत दोन हातांवर!

"चाकाला कळत नाही," म्हणाल्या. "राहू दे."

पत्रिका मात्र पुन्हा छापणार आहेत.

१९ फेब्रुवारी

शेवटची, पंधराशे नंबरची चकती फिरून झाली. मशीनवाला फरशीत बघून केस विंचरत होता.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

आई फरशी बघायला आली होती. मी अवाक्षर बोलले नव्हते. बाबा दाराबाहेर बूट पुसत होते, पुसतच होते. आई सरळ चालत गेली आणि रेषेपाशी थांबली. चपलेच्या टोकाने दाखवून म्हणाली, "इथे थांबवलं होतं का?"

मी दाराकडे बघितलं.

"त्या दिवशी दवाखान्यातली आया जिना पुसताना करवादत होती. कोण मेला सिमेंटच्या पायांनी वर आला, काचेतून बघून गेला. मी जागीच होते."

"मग आई, इतकी वर्षं..."

"हे सांगतील म्हणून वाट बघत होते."